टोपलीखालची टोपली

आमची आई बाजारात बसून रोज खोटं बोलायची आणि तिला त्याची कणभरही लाज नव्हती. भिवंडीच्या बाजारात तिची मासळीची जागा होती. समोर एक फळी, फळीवर निवट्यांचे नाहीतर कोलंबीचे दोन वाटे. दोनच. बाकीची सगळी मासळी तिच्या मांडीआड, ओल्या गोणपाटाखाली, दुसऱ्या टोपलीत. गिऱ्हाईक घुटमळलं की ती नजर वर न करता म्हणायची, शेवटचाच वाटा हाय. समोर पॉवरलूमवाल्यांच्या घरची बाई असली की तेच हिंदीत: आखरी है आपा, बाद में मत बोलना. बाई वाटा घेऊन वळली की आईचा हात गोणपाटाखाली जायचा आणि फळीवर पुन्हा दोन वाटे हजर.

शाळा सुटली की मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. एकदा मी गिऱ्हाइकासमोरच बोलून गेले, आई, खाली अजून आहे की. आईने मला असा चिमटा काढला की त्याची आठवण अजून दंडाला आहे. घरी जाताना तिने मला तिचं शास्त्र समजावलं. दहा वाटे मांडले तर माणूस दहांना नाकं मुरडतो, अकरावा मागतो आणि न घेता जातो. दोन मांडले तर त्याला वाटतं, आपल्यामागून येणारी उचलून नेईल. मासळी तीच, भाव तोच. फक्त समोर किती दिसते ते आपल्या हातात ठेवायचं.

पण खरोखर संपलं की ती टोपली पालथी घालायची आणि तळावर हाताने थाप मारायची. ती थाप अख्ख्या ओळीला कळायची. त्यानंतर तिच्याकडे कोणी मासळी मागत नसे, आणि कोणी मागितली तरी ती खोटी आशा लावत नसे. तिच्या खोटेपणाला दुपारपर्यंत तळ लागायचा, हे मला तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं.

तिच्या गिऱ्हाइकांत एक शाळेतल्या बाई होत्या. त्या एकट्याच तिला पुरून उरायच्या. फळीवरच्या वाट्यांकडे बघायच्याही नाहीत. चष्मा नाकावर सरकवून सरळ म्हणायच्या, “मावशी, खालची काढा.” आई हसायची आणि काढायची. दोघींचा हा खेळ कित्येक वर्षं चालला.

पुढे साखरेने आईचे पाय धरले, मग मूत्रपिंडं. बाजारातली जागा गेली, टोपल्या टेमघरच्या घरात माळ्यावर गेल्या, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस मागे लागलं. त्याच सुमारास मी नवऱ्याचं घर सोडून परत आले होते. बाप आधीच गेलेला. घरात आम्ही दोघीच, दोघीही तापट. मी दापोड्याच्या एका गोदामात नोकरी धरली होती. आलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचा, गेलेला उतरवायचा, हे माझं काम. डायलिसिसच्या दिवशी ओळखीचा रिक्षावाला आईला न्यायचा आणि घरी आणून सोडायचा.

डायलिसिस सेंटर एका इमारतीच्या तळघरात होतं. पहिल्या आठवड्यातच आईच्या शेजारच्या पलंगावर कोण, तर त्या शाळेतल्या बाई. त्यांचे केस पांढरे झालेले, आईचा चेहरा सुजलेला. दोघींनी एकमेकींना क्षणभर ओळखलं नाही. मग बाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, मावशी, खालची काढा. आई इतकी हसली की सिस्टरने येऊन सुया तपासल्या.

मोबाइलवरचा तो खेळ आईला बाईंनीच शिकवला. तळघरात रेंज यायची नाही, म्हणून आत जाण्याआधी वरच्या बाकावर दोघी फोन घेऊन बसायच्या. खेळ साधा होता. काचेचं तळं, त्यात मासे सोडायचे, त्यांना खायला घालायचं, अंडी आली की जपायची. जन्मभर मारलेले मासे विकणारी बाई आता मासे जगवायला लागली. तिला मौज वाटायची. ही मासळी धुवायची नाही, खवलं काढायची नाहीत, हाताला वास नाही. वास नाही ही तिची तक्रारही होती. एका पिवळ्या माशाला ती खाडीतली चिवणी म्हणायची, एका लांबड्याला बोईट, आणि मी कामावरून आले की कोण किती मोठा झाला ते मला दाखवायची. खोटं कशाला सांगू, मला त्या खेळाचं बरंच वाटलं होतं. पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद, केळं बंद, बाजार बंद, अशा बाईच्या तोंडावर काहीतरी हसू येत होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी आमच्या गोदामात टीव्हीला जोडून खेळायच्या गेमच्या मशीन आल्या. कंटेनरच्या कंटेनर. छपरापर्यंत थप्प्या लागल्या, हमालांना चालायला वाट उरली नाही. आणि वरून हुकूम आला की यातला मूठभर माल विक्रीला दाखवायचा, बाकीचा ‘होल्ड’वर टाकायचा. मी तो टाकला. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन फोनवर बघितलं, तर त्याच मशीनच्या चित्राखाली लाल अक्षरांत लिहिलेलं: शेवटचे काही नग शिल्लक. खाली सेकंद मोजणारं घड्याळ. माझ्या पाठीमागे गोदामाची भिंत होती आणि भिंतीला लागून तेच नग छपराला टेकलेले होते. ‘होल्ड’ची खूण मी स्वतःच्या बोटाने केली होती. चार दिवसांनी पुन्हा मूठभर सोडायचे, पुन्हा शेवटचे म्हणायचं. लोक तुटून पडत होते.

घरी येऊन आईला सांगितलं तर तिला भलताच आनंद झाला. मोठमोठ्या कंपन्या आमचीच विद्या शिकल्या म्हणाली. गोणपाट कुठलं वापरतात, असं विचारलं. मी म्हटलं, कॉम्प्युटर. तिला ते पटलं. मग तिने विचारलं की संपल्यावर टोपली पालथी घालतात का. मी सांगितलं, संपतच नाही, दुसरे कंटेनर रस्त्यात असतात.

त्याच आठवड्यात गुरुवारी, डायलिसिसहून परत आल्यावर, आईच्या खेळात एक मासा आला. सोनेरी, लांब झुलत्या पंखांचा. वर लिहिलेलं: फक्त रविवार संध्याकाळपर्यंत, पुन्हा कधीच येणार नाही. बाजूला लाल घड्याळ उलटं पळत होतं. मासा दोन तऱ्हांनी मिळायचा. एक, पैसे भरून लगेच. दुसरी, फुकट, पण त्याचं अंडं घड्याळ संपेपर्यंत उबेत ठेवायचं. थोड्या थोड्या वेळाने त्यावर बोट टेकवायचं. चुकलं की अंडं थंड, मग गेलं. बाईंनी मुलाला सांगून पैसे भरले आणि मोकळ्या झाल्या. मी आईला म्हटलं, मीही भरते, तुझ्या औषधांपुढे ते काहीच नाही.

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भीक मागायला सांगितलं होतं. आमच्या घरात मासळी विकत घेत नाहीत. खाडीतून आली ती आली, नाहीतर वालाचं बिरडं. बाजारातली जागा गेल्यावरसुद्धा शेजारपाजारच्या जुन्या मैत्रिणी देतील तेवढीच मासळी आमच्या घरात शिजायची. आणि हिने आता फोनमधला मासा पैसे देऊन घ्यायचा? ती अंडं उबवत बसली.

खरी पंचाईत शुक्रवारी लक्षात आली. शनिवारी डायलिसिस होतं. तळघरात रेंज नाही, तिथे चार तास गेले की अंडं थंड. गोदामात मला फोन आत नेता यायचा नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात अंडं द्यायला ती तयार नव्हती. आईने जाहीर करून टाकलं की ती शनिवारी जाणार नाही, सोमवारी जाईल.

मी आधी समजावलं, मग भांडले. एकदा चुकवलं तर अंगात पाणी साचतं, श्वास कोंडतो, हे तिला डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं. ते तिला पाठ होतं. ती म्हणाली, आजवर एकदाही चुकवलं नाही, एका वेळेने काय होतंय. मग मी तिला तिच्याच भाषेत सांगायचं ठरवलं. म्हटलं, आई, हा मासा संपत नाहीये. ही तुझीच फळी आहे. समोर एक मांडलाय, खाली हवे तेवढे आहेत.

ती चिडली नाही. तिने खरंच विचार केला. फोन उलटा केला, पाठीकडून बघितला, पुन्हा सरळ केला. मग मला समजावलं, मी लहान असताना समजवायची तसं.

“तुमचे गोदामात माल हाय, म्हनून दाबून ठेवता. माझे टोपलीत मासली होती, म्हनून मी झाकायची. याला खाली टोपली कुठं हाय? समोर दिसतंय त्येवढंच हाय.”

मी म्हटलं, टोपली नाही म्हणूनच तर. याला काही खर्च पडत नाही. एकाचे लाख करता येतात, बसल्या जागी, बटण दाबून.

“मंग देत कनाला न्हाय?”

का देत नाहीत? मासळी दुपारी नासते, म्हणून तिला ती संपवायची घाई असायची. आमच्या गोदामालाही भाडं आहे. ज्या गोष्टीला ना जागा लागते, ना बर्फ, ना गोणपाट, जी कितीही दिली तरी कमी होत नाही, ती का दाबून ठेवावी, हे मासे विकून जगलेल्या बाईला कसं कळणार? तिच्या हिशेबात इतका बिनकामाचा दुष्टपणा बसतच नव्हता. ती पुढे म्हणाली, माणूस खोटं बोलतो ते डोळे बघून कळतं, यात माणूसच नाही. आणि अंड्यावर बोट टेकवलं.

शनिवारी मला रजा मिळाली नाही. सेल लागला होता, सगळ्यांच्या रजा बंद होत्या. मी रिक्षावाल्याला बजावलं की उचलून ने पण ने. तो आला, दारात उभा राहिला, आणि आईने त्याला चहा पाजून परत पाठवलं. मला दुपारी कळलं. सेंटरला फोन केला तर ते म्हणाले रविवार बंद, सोमवारी सकाळी पहिली वेळ देतो, काही वाटलं तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या. संध्याकाळी घरी येऊन मी आधी तिचे पाय बघितले. तिचे घोटे फुगले होते. बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. मी तो तिला दाखवला. तिने साडी खाली ओढून घेतली.

रविवारी सकाळी मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता ठाण्याला. ती म्हणाली, संध्याकाळी घड्याळ संपलं की म्हणशील तिथे येते. मी हात धरून ओढलं तर पलंगाची कड धरून बसली. तिच्या हातांत तेवढी ताकद अजून होती. जन्मभर डोक्यावर टोपल्या वाहिलेली बाई ओढून नेता येत नाही.

संध्याकाळी अंडं फुटलं. फोनमधून वाजंत्री वाजली, रंगीत कागद उडाले आणि सोनेरी मासा तळ्यात उतरला. आईने मला हाक मारली. सकाळपासून मी तिच्याजवळ फिरकले नव्हते, तरी गेले. तिचा चेहरा सुजून चकाकत होता आणि ती इतकी खूश होती की मला तिचा रागही धड येईना. तिने बाईंना व्हिडिओ कॉल करून मासा दाखवला. बाईंना वर ऐकवलं की तुम्ही विकत घेतला, मी उबवला. मग मला म्हणाली, आता चल कुठे ते. पण बसल्या जागेवरून उठताना तिला धाप लागली, जरा पडते म्हणाली, सकाळी पहिली वेळ आहेच. झोप लागल्यासारखी दिसली. उशा उंच करून मी तिच्या शेजारीच टेकले.

उजाडताना ती उठून बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. बोलायला श्वास पुरत नव्हता. शेजाऱ्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, ऑक्सिजन लावला आणि ठाण्याकडे निघालो. बायपासला लागलो आणि थांबलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कंटेनर. भिवंडीत हे रोजचंच, पण सेलच्या दिवसांत रस्ता म्हणजे उभं गोदामच होतं. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, उतरून शिव्या देत होता. समोरच्या कंटेनरचा ड्रायव्हर खाली आला, हात जोडून म्हणाला, किधर हटाऊँ, आप ही बताओ. त्याचं खरं होतं. त्यातल्या कुठल्या ना कुठल्या कंटेनरात आमच्या गोदामाचा माल असणार, मीच कॉम्प्युटरवरून उतरवलेला, कुणाच्या तरी दारी घड्याळ संपायच्या आत पोचायला निघालेला. मी आईचा हात धरून बसले होते. तिने मास्क बाजूला केला. मला वाटलं पाणी मागणार.

“फोन घेतलास ना?”

हे तिचं शेवटचं बोलणं. मी हो म्हटलं. फोन मी घेतला नव्हता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी फुप्फुसं पाण्याने भरली म्हणून सांगितलं. मशीन लावली, नळ्या लावल्या. दुपारी ती गेली. खाडीच्या काठी जन्मलेली बाई स्वतःच्या अंगातल्या पाण्यात बुडून मेली. मला दुःख नंतर झालं, आधी संताप आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. त्या खेळाला ना दुकान, ना मालक, ना फळीमागे बसलेलं माणूस, की जाऊन गचांडी धरावी.

बाराव्यानंतर मी कामावर गेले. गोदामात त्याच थप्प्या होत्या. एक सेल संपला होता, दुसरा लागला होता. साहेबांनी आईचं विचारलं, मनापासून विचारलं, आणि मग सांगितलं की आज अजून मूठभर सोडायच्या आहेत. मी त्या सोडल्या. दुसरी नोकरी बघेन असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं होतं, आणि अजून मी तिथेच आहे.

आईचा फोन मी चालू ठेवला होता, कारण गॅसचा नंबर त्यावर लावलेला होता. खेळ काढून टाकायचं राहून गेलं. काढायला हात झाला नाही, असं म्हणायला हवं.

दिवाळीत आमच्या घरी कंदील नव्हता, फराळ नव्हता. पाडव्याच्या सकाळी बाईंचा फोन आला, आईच्याच नंबरवर. त्या सेंटरच्या वरच्या बाकावर बसलेल्या होत्या. बराच वेळ माझी चौकशी करत राहिल्या आणि मग अडखळल्या. म्हणाल्या, त्या खेळवाल्यांनी तो मासा दिवाळीची भेट म्हणून सगळ्यांना दिलाय. फुकट. काही करावं लागत नाही, नुसता खेळ उघडायचा.

मी खुर्ची ओढून बसले. बाई पुढे म्हणाल्या,

“मी तुझ्या आईला जन्मभर म्हणत आले गं, मावशी, खालची काढा. आणि या मेल्याला एकदासुद्धा म्हटलं नाही.”

त्यांना रडू आवरेना. त्यांना आत बोलावलं, मशीन लावायची वेळ झाली होती. मी त्यांना म्हटलं, बाई, तुम्ही जा, चुकवू नका.

मग मी आईचा खेळ उघडला. तळं हिरवट झालं होतं. पिवळी चिवणी आणि लांबडं बोईट काचेशी येऊन तोंड उघडत होती, भुकेले आहेत असं लिहिलेलं होतं, पण एकही मेलेला नव्हता. त्या खेळात मासे मरत नाहीत. मधोमध आईचा सोनेरी मासा. पडद्यावर एक डबी आली, मी बोट टेकवलं, डबी उघडली, तीच वाजंत्री वाजली, तेच कागद उडाले, आणि अगदी तसाच दुसरा सोनेरी मासा पहिल्याच्या शेजारी येऊन झुलायला लागला. खाली अक्षरं उमटली. अभिनंदन, हा अत्यंत दुर्मिळ मासा आता तुमच्याकडे आहे.

ती अक्षरं पुसली गेली आणि कोपऱ्यात नवं लाल घड्याळ पळायला लागलं. या वेळी निळा मासा होता. पुन्हा कधीच येणार नव्हता.

मी फोन टेबलावर पालथा घातला आणि त्याच्या पाठीवर हाताने थाप मारली, आई मारायची तशी. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. दूध ओतेपर्यंत बाहेरून फोनमधल्या खेळाचा आवाज ऐकू येत होता. वाकून बघितलं तर पालथाच थरथरत तो टेबलाच्या कडेकडे सरकत होता.